पेटींत काय आहे ?

झांकली मूठ सव्वा लाखाची, असें मराठींत म्हणतात. व्यवहाराच्या पुष्कळ क्षेत्रांत ही म्हण खरी ठरते; परंतु एक व्यापार असा आहे कीं, ज्यांत झांकलेल्या मुठीचें मोल दुसऱ्यांच्या प्राणांनीं फेडावें लागतें. तो व्यापार म्हणजे स्फोटक द्रव्यांचा. या व्यापारांत खरेदी करणारा कोण, घेतो तें काय, आणि घेतो तें कशासाठीं, या तीन साध्या प्रश्नांचीं खरीं उत्तरें मिळवण्यासाठीं जगांतल्या विधिमंडळांना शंभराहून अधिक वर्षें खपावें लागलें. त्या खटपटीची कथा एका तेलाच्या पेटीपासून सुरू होते.

त्यापूर्वीं स्फोटक म्हणजे बंदुकीची दारू, हें समीकरण सर्वांना ठाऊक होतें. ही दारू काळी, भुकटीसारखी. तिचा वास ओळखीचा, तिचीं पिंपें ओळखीचीं. हमालालाहि ती कळे आणि पोराबाळांनाहि कळे. त्यामुळें जुने कायदे मुख्यतः दोनच गोष्टी पाहत : दारू किती सांठविली आहे आणि ती वस्तीपासून किती दूर आहे. कोठार गांवाबाहेर असावें, जवळ आग नसावी, एवढ्यानें काम भागे. जी वस्तु पाहतांच ओळखूं येते, तिचें नांव सांगण्याची सक्ती करावी लागत नाहीं.

हें सोपें जग १८४७ सालीं संपलें. त्या वर्षीं इटलींतील तुरिन येथें आस्कानिओ सोब्रेरो नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें नायट्रोग्लिसरीन तयार केलें. दिसायला हें द्रव्य गोड्या तेलासारखें; परंतु त्याची शक्ति काळ्या दारूच्या कितीतरी पट अधिक, आणि स्वभाव अत्यंत लहरी. केवळ धक्क्यानेंहि तें उडे. खुद्द सोब्रेरोला आपल्या या शोधाची धास्ती वाटत असे. परंतु स्वीडनच्या आल्फ्रेड नोबेलनें त्यांतला व्यापार ओळखला. डोंगर फोडावयाचे होते, बोगदे खणावयाचे होते, खाणी खोल न्यावयाच्या होत्या. रेल्वेचें युग सुरू झालें होतें आणि काळी दारू त्या कामास अपुरी पडत होती. ३ सप्टेंबर १८६४ रोजीं स्टॉकहोमजवळील हेलेनेबोर्ग येथें नोबेलच्या प्रयोगशाळेंत स्फोट झाला. त्यांत मेलेल्यांत त्याचा धाकटा भाऊ एमिल होता. शहराच्या हद्दींत हें द्रव्य करण्यास अधिकाऱ्यांनीं मनाई केली, तेव्हां नोबेलनें सरोवरांत नांगरलेल्या एका तराफ्यावर आपलें काम चालू ठेवलें. वस्तीपासून दूर राहा, हा जुना नियम त्यानें पाळला. पण तेल एकदां पेटींत भरून बाजारांत निघालें कीं, या नियमाचा कांहींच उपयोग उरत नसे.

हें तेल निरनिराळ्या नांवांनीं प्रवास करूं लागलें. कोठें तें सुरुंगाचें तेल होतें, कोठें ग्लोनोइन तेल. कांहीं पेट्यांवर तर आंत काय आहे याचा मागमूसहि नसे. ५ नोव्हेंबर १८६५ रोजीं न्यूयॉर्कमधील ग्रीनिच रस्त्यावरच्या वायोमिंग हॉटेलांत अशीच एक पेटी निघाली. एक जर्मन प्रवासी ती मागें ठेवून गेला होता. जोडे पुसतांना पाय टेकावयाला ती बरी पडते म्हणून तिचा तसा उपयोगहि झाला होता. त्या सकाळीं तिच्यांतून तांबूस वाफा निघतांना दिसल्या. कोणीतरी ती उचलून रस्त्यावर टाकली. आणि थोड्याच वेळांत आसपासच्या घरांचीं तावदानें उडालीं, रस्त्याला खड्डा पडला, अनेक माणसें जखमी झालीं. महिनोन्‌महिने आपण कशावर पाय ठेवीत होतों, हें त्या हॉटेलांतील लोकांना तेव्हां कळलें.

पुढच्या वर्षाच्या एप्रिल महिन्यानें हा प्रश्न साऱ्या जगापुढें आणला. ३ एप्रिल १८६६ रोजीं पनामाच्या संयोगभूमीवरील ॲस्पिनवॉल बंदरांत 'युरोपियन' हें जहाज माल उतरवीत असतां उडालें. त्यावर नायट्रोग्लिसरीनच्या सत्तर पेट्या होत्या. पन्नासच्या आसपास माणसें मेलीं, धक्का मोडला, गोदाम उद्ध्वस्त झालें. या घटनेची वार्ता अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोंचण्यापूर्वींच, १६ एप्रिल रोजीं, सॅन फ्रान्सिस्कोंत दुसरा स्फोट झाला.

हा दुसरा प्रसंग कायद्याच्या इतिहासांत अधिक महत्त्वाचा ठरला. न्यूयॉर्कहून पनामाच्या वाटेनें आलेली एक पेटी सॅन फ्रान्सिस्कोस उतरविली, तेव्हां ती गळत असल्याचें दिसून आलें. गळणारा पदार्थ गोड्या तेलासारखा होता. वेल्स फार्गो या प्रसिद्ध हुंडेकरी कंपनीकडे ही पेटी पुढें पाठविण्यासाठीं आली होती. माल खराब झाल्यास पेटी उघडून नुकसान पाहावयाचें, ही त्या धंद्यांतली नित्याची रीत. त्याप्रमाणें पेटी कचेरीच्या आवारांत आणली गेली आणि एका नोकरानें छिनी व हातोडा घेऊन ती उघडावयास सुरुवात केली. पंधराच्या आसपास माणसें ठार झालीं आणि इमारतीचा मोठा भाग कोसळला.

इमारतीच्या मालकानें कंपनीवर दावा लावला. आपल्या भाड्याच्या जागेचें नुकसान कंपनीनें भरून दिलें होतें. वाद होता तो इमारतीच्या उरलेल्या भागाबद्दल. तुमच्या नोकराच्या हातून माझें घर पडलें, तेव्हां भरपाई द्या, असें मालकाचें म्हणणें. हा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८७२ सालीं त्याचा निकाल लागला. न्यायमूर्ति फील्ड यांनीं निर्णय दिला तो कंपनीच्या बाजूनें. हुंडेकऱ्याला बंद पेटींतला माल ठाऊक असतोच असें कायदा गृहीत धरीत नाहीं. संशयास कांहींच कारण नसतां प्रत्येक पेटीची चौकशी करण्याचें बंधनहि त्याच्यावर नाहीं. समंजस मनुष्य जेवढी काळजी घेईल तेवढी त्यानें घेतली असेल, तर अपघाताचा दोष त्याच्या माथीं येत नाहीं, असा त्या निर्णयाचा भाव होता.

वरवर पाहतां हा निकाल रुक्ष वाटतो. पण त्यांतून निघणारें अनुमान फार मोठें होतें. पेटींत काय आहे हें हमालाला ठाऊक नव्हतें, कारकुनाला ठाऊक नव्हतें, ज्यानें छिनी लावली त्या बिचाऱ्याला तर मुळींच ठाऊक नव्हतें. मग ठाऊक होतें कोणाला ? ज्यानें पेटी भरली, त्याला. साऱ्या सांखळींत सत्य जाणणारा मनुष्य एकच होता आणि बोलण्याची सक्ती मात्र त्याच्यावरच नव्हती. ही सक्ती केल्यावांचून दुसरा उपाय राहिला नाहीं.

अमेरिकन कायदेमंडळानें याची वाट निकालापर्यंत पाहिली नव्हती. १८६६ च्या जुलैमध्येंच एक कायदा होऊन प्रवाशांच्या जहाजांतून वा गाड्यांतून नायट्रोग्लिसरीन नेण्यास बंदी झाली. इतर वाहनांतून न्यावयाचें तर तें विशिष्ट तऱ्हेनें भरावें आणि वर त्याचें नांव व धोक्याची सूचना स्पष्ट अक्षरांत लिहावी, असें ठरलें. त्याच वर्षीं ब्रिटिश पार्लमेंटनेंहि असाच कायदा केला : विशेष धोक्याचा माल पाठविणारानें पेटीवर त्याचें नांव लिहावें, वाहतूकदाराला लेखी कळवावें, आणि आपला नांवपत्ताहि सांगावा. असा माल न स्वीकारण्याची मुभा वाहतूकदाराला मिळाली. पुढें १८७३ च्या जहाजवाहतुकीच्या कायद्यानें खोट्या वर्णनाखालीं धोक्याचा माल जहाजावर चढविणाराला, किंवा पाठविणाराचें खोटें नांव देणाराला, ५०० पौंडांपर्यंत दंड सांगितला. स्फोट झाला नाहीं तरीहि हा दंड होता, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. तोंवर अपघात झाल्यावर दोषी कोण, एवढेंच पाहिलें जाई. आतां अपघाताच्या आधींचें असत्य हाच स्वतंत्र गुन्हा झाला.

केवळ नांव लिहून मात्र भागलें नाहीं. १८६७ च्या डिसेंबरांत इंग्लंडमधील न्यूकॅसल शहरीं एका खानावळीच्या आवारांतील तळघरांत नायट्रोग्लिसरीन सांठविलेलें आढळलें. तें नष्ट करावें म्हणून शहराबाहेरच्या माळावर नेलें असतां स्फोट झाला आणि तेथें जातीनें उपस्थित असलेले शहराचे शेरीफ जॉन मॉसन, नगराचे सर्वेक्षक व इतर कित्येक जण प्राणास मुकले. भर वस्तींत हा सांठा कोणाच्या परवानगीनें होता, या प्रश्नाला उत्तर नव्हतें. कारण परवानगीची गरजच नव्हती. १८६९ च्या कायद्यानें ती निर्माण केली. यापुढें गृहमंत्र्याच्या परवान्यावांचून नायट्रोग्लिसरीन आणतां, करतां, विकतां किंवा नेतां येणार नव्हतें. नोबेलनें दरम्यान, १८६७ मध्यें, हें तेल एका सच्छिद्र मातींत मुरवून डायनामाइट तयार केलें होतें. द्रव्याचा लहरीपणा त्यानें पुष्कळ कमी झाला. माणसांचा झाला नाहीं.

याचा प्रत्यय १८७१ च्या ऑगस्टमध्यें स्टोमार्केट गांवीं आला. तेथील गनकॉटनचा, म्हणजे स्फोटक कापसाचा, कारखाना उडून अठ्ठावीस माणसें मेलीं. चौकशी करणाऱ्या ज्यूरीचा निष्कर्ष धक्का देणारा होता : सरकारी कसोटींतून माल उतरल्यानंतर कोणा अज्ञात व्यक्तीनें त्यांत गंधकाम्ल मिसळलें होतें. म्हणजे नांव खरें, कसोटी खरी, दाखला खरा. आणि तरीहि माल खोटा. मग १८७४ च्या २ ऑक्टोबरला पहाटे लंडनच्या रीजंट्स पार्कजवळील कालव्यांत 'टिल्बरी' नांवाची नौका पुलाखालीं उडाली. तिच्यावर सुमारें पांच टन दारू आणि तिच्याच जोडीला लवकर पेट घेणारें खनिज तेल, असा संसार होता. नावेवरचे तिघे मेले आणि पूल ढासळला. राजधानीच्या श्रीमंत वस्तीच्या उशाखालून असा माल रात्रंदिवस जात असतो, हें लंडनकरांना त्या पहाटे कळलें.

या घटनांची तपासणी करणारा अधिकारी होता विव्हियन मॅजेंडी. तोफखान्यांतला हा सैनिक १८७१ सालीं दारूच्या कारखान्यांचा निरीक्षक झाला आणि १८७५ च्या स्फोटक द्रव्यांच्या कायद्यामागें मुख्य बुद्धि त्याचीच होती. पुढें अनेक देशांच्या कायद्यांना हा नमुना झाला. कारखान्याला परवाना, कोठाराला परवाना, लहान दुकानदाराला नोंदणी. रस्त्यावर फेरी करून विकण्यास बंदी, तेरा वर्षांखालच्या दिसणाऱ्या मुलास विकण्यास बंदी, पुडक्यावर नांव लिहिण्याची सक्ती. आणि हें सारें पाळलें जातें कीं नाहीं तें पाहण्यास केव्हांहि आंत शिरूं शकणारा निरीक्षक. परवाना म्हणजे सरकारी मेहेरबानी नव्हे, ही या कायद्यांतली मुख्य कल्पना. परवाना म्हणजे परवानेदारानें लिहून दिलेलें वचन : अमुक जागीं, अमुक इतकेंच, अमुक रीतीनें मी ठेवीन. वचन लेखी असलें म्हणजे तें मोडलें कीं नाहीं हें पाहतां येतें.

पेटींत काय आहे, या पहिल्या प्रश्नाचें उत्तर असें मिळालें. परंतु माल उघड आहे, नांव खरें आहे, दुकान परवान्याचें आहे, आणि घेणारा मात्र खोटा आहे, असें झालें तर काय ?

हा प्रश्न १८८३ सालीं उभा राहिला. आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठीं झगडणाऱ्या एका पक्षानें त्या काळीं इंग्लंडमधील शहरांत डायनामाइटचे स्फोट घडविण्याचा मार्ग धरला होता. १५ मार्च १८८३ रोजीं लंडनमध्यें सरकारी कचेऱ्यांच्या वस्तींत असा स्फोट झाला. त्याच सुमारास बर्मिंगहॅमच्या लेडसम रस्त्यावर व्हाइटहेड नांवाच्या एका गृहस्थानें दुकान थाटलें होतें. रंग आणि भिंतीला लावावयाचे कागद विकणें, हा त्याचा दाखवावयाचा धंदा. तो एका घाऊक औषधविक्रेत्याकडून ग्लिसरीन घेई. ग्लिसरीन हें निरुपद्रवी द्रव्य. साबणांत, औषधांत, अंगाला लावावयाच्या उटण्यांत त्याचा नित्य उपयोग. त्याला परवाना नव्हता आणि त्याची खरेदी हा गुन्हा नव्हता. परंतु त्या विक्रेत्याच्या कोठारांत काम करणाऱ्या एका मनुष्याच्या मनांत आलें कीं, भिंतीचे कागद विकणाऱ्याला एवढें ग्लिसरीन लागतें कशाला ? त्यानें ती गोष्ट पोलिसाच्या कानावर घातली. पाळत ठेवली गेली. रात्रीं गुपचूप आंत शिरून नमुने तपासले गेले. आणि दुकानाच्या मागच्या बाजूस नायट्रोग्लिसरीनचा कारखानाच चालू असल्याचें निष्पन्न झालें. एप्रिलच्या आरंभीं व्हाइटहेड व लंडनमधील त्याचे साथी पकडले गेले. जून महिन्यांत चौघांना जन्मठेपेची शिक्षा झाली. त्यांतच विल्सन या खोट्या नांवानें वावरणारा टॉमस क्लार्क हा तरुण होता. १८९८ मध्यें तो सुटला आणि १९१६ च्या डब्लिनमधील उठावानंतर गोळ्या घालून ठार केल्या गेलेल्या पुढाऱ्यांत त्याचा अंतर्भाव झाला.

या प्रकरणानें हादरलेल्या पार्लमेंटनें विलक्षण त्वरा केली. गृहमंत्री सर विल्यम हारकोर्ट यांनीं ९ एप्रिल रोजीं बिल मांडलें. तें दोन्ही सभागृहांत त्याच दिवशीं पसार झालें आणि दुसऱ्या दिवशीं त्याला राणीची संमति मिळाली. या कायद्याचें चौथें कलम नव्या धर्तीचें होतें. एखाद्याजवळ स्फोटक द्रव्य सांपडलें आणि तें योग्य कामासाठीं नसावें असा वाजवी संशय घेण्याजोगी परिस्थिति असली, तर आपला हेतु योग्य होता हें त्यानेंच दाखविलें पाहिजे; नाहीं तर चौदा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. शिवाय स्फोटक द्रव्य या शब्दांत तें तयार करण्याच्या सामग्रीचाहि समावेश झाला. गुन्हा सिद्ध करण्याचा भार फिर्यादीवर, हें इंग्रजी न्यायाचें जुनें ब्रीद. येथें निम्मा भार आरोपीच्या खांद्यावर आला.

घाईंत झालेल्या या कायद्यांत दोन चांगल्या तरतुदी मात्र होत्या. सरकारच्या मुख्य कायदेशीर सल्लागाराच्या, म्हणजे ॲटर्नी जनरलच्या, संमतीवांचून खटला पुढें चालवितां येत नसे. आणि दुसरी त्याहून मोलाची : आरोपीला शपथेवर स्वतः साक्ष देण्याचा अधिकार मिळाला. त्या काळीं इंग्लंडांत सामान्य फौजदारी खटल्यांत आरोपीला साक्षीदार म्हणून उभें राहतां येत नसे. ती मुभा सर्वांना पुढें १८९८ मध्यें मिळाली. पण ज्याच्यावर आपला हेतु सांगण्याची सक्ती करावयाची, त्याचें तोंड बंद ठेवणें हा उघड अन्याय झाला असता. सत्य बोलण्याची सक्ती करणाऱ्या कायद्यानें सत्य बोलावयाला जागाहि दिली पाहिजे, हें त्या पार्लमेंटला त्या एका दिवसांतहि सुचलें.

हिंदुस्थानांत हे दोन्ही कायदे पाठोपाठ आले. मॅजेंडीच्या नमुन्यावर १८८४ चा चौथा कायदा झाला. स्फोटकें करणें, बाळगणें, विकणें, नेणें व आणणें यांना परवाना लावण्याचा अधिकार त्यानें सरकारला दिला. १८९८ मध्यें देखरेखीसाठीं स्वतंत्र खातें सुरू झालें. त्या खात्याची वारस असलेली संस्था पुढें नागपुरांत स्थिर झाली. दुसरा, हेतु विचारणारा कायदा यावयाला एक निमित्त लागलें. ३० एप्रिल १९०८ रोजीं मुझफ्फरपूर येथें बाँब फुटून दोन इंग्रज स्त्रिया मरण पावल्या आणि लगोलग कलकत्त्याच्या माणिकतळा बागेंतील गुप्त कारखाना उघडकीस आला. ८ जून १९०८ रोजीं स्फोटक द्रव्यांचा नवा कायदा आणि वृत्तपत्रांना वेसण घालणारा दुसरा कायदा, असे दोन्ही एकाच दिवशीं झाले. पहिल्यांतील पांचवें कलम म्हणजे इंग्लंडच्या १८८३ मधील चौथ्या कलमाचेंच भाषांतर म्हणावयाचें.

महाराष्ट्राचा या कायद्याशीं जो संबंध आला, तो सर्वश्रुत असूनहि त्यांतला एक लहानसा तपशील सहसा आठवला जात नाहीं. लोकमान्य टिळकांनीं 'केसरी'च्या ९ जूनच्या अंकांत 'हे उपाय टिकाऊ नाहींत' हा लेख लिहिला. बाँब हा बंदुकीसारखा शस्त्राचा प्रकार नसून ज्ञानाचा प्रकार आहे, तेव्हां तो केवळ दडपशाहीच्या कायद्यानें थांबणार नाहीं, असा त्यांतला एक मुद्दा होता. २४ जून रोजीं मुंबईंत टिळकांना अटक झाली; पुण्यांतील त्यांच्या घराची झडती झाली आणि तींत एक कार्ड सांपडलें. त्यावर स्फोटक द्रव्यांविषयींच्या दोन इंग्रजी पुस्तकांचीं नांवें लिहिलेलीं होतीं. खटला राजद्रोहाचा, स्फोटकांचा नव्हे; तरी हें कार्ड टिळकांच्या मनांतला हेतु दाखविणारा पुरावा म्हणून ज्यूरीपुढें ठेवण्यांत आलें. टिळकांनीं त्याचा खुलासा केला तो असा कीं, नव्या कायद्यांत स्फोटक द्रव्याची जी व्याख्या केली होती तिच्यावर टीका करावयाची होती आणि त्या अभ्यासासाठीं पुस्तकें हवीं होतीं.

या खुलाशांत अविश्वसनीय असें कांहींच नव्हतें. स्फोटक द्रव्याच्या व्याख्येंत सामग्री आणि साधनेंहि आलीं, म्हणजे ती व्याख्या कोठवर पोंचते, हा प्रश्न कोणाहि कायदेपंडिताला पडावा असाच होता. परंतु २२ जुलै १९०८ रोजीं सात विरुद्ध दोन मतांनीं ज्यूरीनें टिळकांना दोषी ठरविलें आणि न्यायमूर्ति दावर यांनीं सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सांगितली. त्या शिक्षेस केवळ तें कार्ड कारण झालें, असें म्हणतां येणार नाहीं. पण खरें उत्तर ऐकून घेण्याची तयारी नसली म्हणजे हेतु विचारणारा प्रश्न कसा निरर्थक होतो, हें त्या कार्डानें दाखविलें. बर्मिंगहॅमचें ग्लिसरीन आणि पुण्याचें कार्ड, दोन्ही स्वतः निरुपद्रवीच. एका ठिकाणीं संशयानें तपासाला वाट दिली आणि तपासानें सत्य पुढें आणलें. दुसऱ्या ठिकाणीं संशयालाच पुराव्याचा मान मिळाला. दोहोंतला भेद विसरणारा कायदा चोराला पकडण्याऐवजीं वाचकाला पकडतो.

आणखी एक गोष्ट येथें नमूद केली पाहिजे. १८८३ चें कलम हिंदुस्थानांत आलें, खटल्याला वरच्या संमतीची अटहि आली. परंतु आरोपीला शपथेवर साक्ष देण्याचा जो अधिकार इंग्लंडनें त्याच्या जोडीला दिला होता, तो मात्र आला नाहीं. भारतांतील सामान्य फौजदारी कायद्यानें ती मुभा दिली ती स्वातंत्र्यानंतर, १९५५ सालीं. भार आधीं आला आणि आवाज सत्तेचाळीस वर्षांनीं !

प्रजेकडून सत्यकथनाची अपेक्षा करणाऱ्या सरकारानें स्वतःस मात्र त्या नियमांतून बहुधा वगळलेलें असतें. १८८४ च्या कायद्यांतहि सरकारी हुकमानें होणाऱ्या वाहतुकीला सूट होती. या सुटीचें मोल मुंबईला १४ एप्रिल १९४४ रोजीं कळलें. 'फोर्ट स्टिकिन' नांवाचें जहाज दोन दिवसांपूर्वीं व्हिक्टोरिया गोदींत येऊन लागलें होतें. त्यावर सुमारें १,४०० टन दारूगोळा होता. कराचीस त्यांत कापसाच्या हजारों गांठी आणि तेलाचीं पिंपें यांची भर पडली होती. धोक्याचा माल असलेल्या जहाजानें तांबडें निशाण लावावयाचें, हा जगभरचा नौकानयनाचा संकेत. 'फोर्ट स्टिकिन'वर तें निशाण नव्हतें. युद्धाचे दिवस, सारींच जहाजें दारूगोळ्याचीं, मग निशाण लावून उपयोग काय, असा तेव्हांचा विचार. दुपारीं कापसांतून धूर दिसूं लागला. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आंत दुसरा. आठशेंहून अधिक माणसें मेलीं. आग विझवावयाला गेलेले अग्निशामक दलाचे सहासष्ट जवान त्यांत होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर पाळला जाऊं लागला. जळते कापसाचे गठ्ठे आणि सोन्याच्या विटा मांडवी-मस्जिदपर्यंतच्या वस्तींत जाऊन पडल्या.

सॅन फ्रान्सिस्कोच्या कचेरींतल्या पेटीवर नांव नव्हतें. मुंबईच्या गोदींतल्या जहाजावर निशाण नव्हतें. दोहोंमध्यें अठ्ठ्याहत्तर वर्षांचें अंतर आहे, पण चूक एकच. ज्याला ठाऊक होतें त्यानें ज्याला ठाऊक नव्हतें त्याला सांगितलें नाहीं.

त्यानंतरच्या काळांत कायद्यांनीं या सत्यकथनाची बाजू अधिकाधिक स्पष्ट केली. अमेरिकेच्या १९७० मधील कायद्यानें स्फोटकें किंवा त्यांचा परवाना मिळविण्यासाठीं खोटें विधान करणें, माहिती दडविणें किंवा खोटी ओळख दाखविणें, हा स्वतंत्र गुन्हा ठरविला. भारतांत १८८४ च्या कायद्याला १९७८ सालीं मोठी दुरुस्ती झाली. अठरा वर्षांखालील व्यक्तींना आणि हिंसेच्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांना तीनुसार मज्जाव झाला. महत्त्वाची माहिती दडवून किंवा चुकीची माहिती देऊन मिळविलेला परवाना रद्द करण्याची तरतूदहि आली. तरी एक दार उघडेंच होतें. खत म्हणून शेतांत पडणारें अमोनियम नायट्रेट कोणीहि घेऊं शके. १९ एप्रिल १९९५ रोजीं ओक्लाहोमा शहरांतील सरकारी इमारत उडवून १६८ लोकांचे प्राण घेतले गेले. त्या बाँबसाठीं लागलेलें खत खोट्या नांवानें विकत घेण्यांत आलें होतें, आणि दुकानदाराला नांवाची खात्री करण्याचें बंधन नव्हतें. भारतानें २०११-१२ मध्यें अमोनियम नायट्रेट स्फोटकांच्या कायद्याखालीं आणून त्यासाठीं स्वतंत्र नियम केले. ४ ऑगस्ट २०२० रोजीं बैरूत बंदरांत वर्षानुवर्षें पडून असलेल्या २,७५० टन अमोनियम नायट्रेटनें दोनशेंहून अधिक बळी घेतले. तेथें पोत्यांत काय आहे हें अधिकाऱ्यांना ठाऊक होतें, कागदोपत्रीं पत्रव्यवहारहि झाला होता. शेजारीं राहणाऱ्या नागरिकांना मात्र तें सांगितलेलें नव्हतें. सत्य कागदावर असणें आणि तें ज्याच्या जिवाशीं गांठ त्याच्यापर्यंत पोंचणें, यांत पुन्हा अंतर पडलें.

युरोपीय संघानें २०२१ च्या फेब्रुवारीपासून जो नियम अंमलांत आणला, त्यांत बर्मिंगहॅमच्या कोठारांतल्या त्या मनुष्याची छाया दिसते. स्फोटकांची पूर्वसामग्री ठरूं शकणाऱ्या रसायनांचा संशयास्पद व्यवहार आढळल्यास विक्रेत्यानें चोवीस तासांत कळविलें पाहिजे, असें तो सांगतो. १८८३ मध्यें एका साध्या नोकरानें आपल्या व्यवहारज्ञानानें जें केलें, तें १३८ वर्षांनीं विक्रेत्याचें कायदेशीर कर्तव्य झालें.

शहरांतल्या सुस्थित घरांना हा सारा इतिहास दूरचा वाटण्याचा संभव आहे. पण दिवाळीच्या आधीं मुलांचा हात धरून ज्या दुकानीं जावें लागतें, तेथें भिंतीवर टांगलेला परवाना हा याच वंशावळीचा धाकटा वंशज आहे. फटाक्याच्या पुड्यावर छापलेलें नांव, दुकानांत ठेवावयाच्या मालाची मर्यादा, लहान मुलांना विकण्यावरची बंदी, यांतल्या एकेका ओळीमागें कोठेंतरी उडालेलें घर आणि न परतलेला मनुष्य आहे. त्या परवान्याकडे सरकारी कागद म्हणून पाहण्याची सवय झाली आहे. वस्तुतः तो तीन उत्तरांचा कागद आहे : माल कोणता, माणूस कोण, काम काय. हीं उत्तरें खरीं देणें हें घेणाराचें काम; तीं ऐकून मग न्यायानें वागणें हें राज्याचें काम. पहिलें चुकलें म्हणजे काय होतें तें सॅन फ्रान्सिस्कोनें पाहिलें. दुसरें चुकलें म्हणजे काय होतें तें पुण्यानें पाहिलें. आणि मुंबईच्या गोदीनें पाहिलें तें असें कीं, राज्यच घेणाराच्या जागीं उभें असलें तरी पेटीवरचें नांव खरेंच असावें लागतें.